नवीन शाई: बाटलीत मोरपंखी, कागदावर काळपट. चुकलं कुठे?

रेघोट्या
मंडळी, बारा वर्षं एकाच फाउंटन पेनात एकच रॉयल ब्लू शाई भरणारी मी. गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच हिंमत करून वेगळ्या रंगाची बाटली घेतली. निळा नाही, हिरवाही नाही, मधलाच कुठला तरी. आल्या आल्या कान साफ करायच्या काडीने जाड कागदावर एक पट्टा ओढला आणि बघतच बसले. मधे निळसर, कडेला हिरवा, आणि जिथे शाई साचली होती तिथे कागद तिरका धरला की चक्क लालसर झाक. मग पेन नळाखाली दोन-तीनदा धुतलं, कन्व्हर्टर (पेनातली शाई ओढून घेणारी नळी) भरला, मोठ्या उत्साहाने लिहायला घेतलं आणि हे काय? सगळं काळपट निळं, जुन्या जीन्सच्या खिशासारखं. हिरवा कुठे गेला, लाल झाक कुठे गेली, काही पत्ता नाही.

शाई खराब निघाली का? दोन दिवस थांबू का? की पट्ट्याकडे बघूनच समाधान मानायचं? आणि जाता जाता, या रंगाला मराठीत नेमकं काय म्हणतात तेही सांगा, घरात तीन जणांनी तीन नावं सांगितलीत.

शाईफेक
रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर नंतर लिहितो.

चष्मिष्ट
मोरपंखी. त्यात एवढा विचार काय करायचा.

निबकर
तीन प्रश्न. निब कुठली? कागद कुठला? आणि "दोन-तीनदा धुतलं" म्हणजे नक्की काय केलं?

बोरूबहाद्दर
माझं बोलणं जरा कडू लागेल, पण हे रंगांचे चोचले हवेत कशाला? मी गेली चाळीस वर्षं ब्लू-ब्लॅक वापरतोय आणि एकदाही असा प्रश्न पडला नाही. खरी जुन्या पद्धतीची ब्लू-ब्लॅक कशी बनते माहीत आहे का कुणाला? मायफळातलं टॅनिन आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार. लिहिताना निळी दिसते ती वरून मिसळलेल्या निळ्या रंगामुळे, मग हवा लागली की लोहाचं संयुग हळूहळू काळं पडतं आणि कागदाच्या धाग्यात रुतून बसतं. वर पाणी सांडलं तर निळा वाहून जाईल, काळा जागचा हलणार नाही. ही झाली शाई. बाकी सगळं रंगीत पाणी. हलके घ्या.

रेघोट्या
काका, कडू काही नाही, पण बारा वर्षांनी एकदा चोचला केलाय तर करू द्या की :)

@निबकर, निब फाइन, म्हणजे बारीक टोकाची आहे. कागद ऑफिसच्या प्रिंटरमधला. आणि धुतलं म्हणजे पुढचा भाग उघडून नळाखाली धरला, झटकला, परत धरला. तिसऱ्यांदा पाणी जवळजवळ स्वच्छ आलं.

निबकर
"जवळजवळ" इथेच घोळ आहे.

निबच्या खाली तो काळा दातेरी भाग असतो ना, फीड, त्याचं कामच शाई धरून ठेवणं आहे. बारीक खाचा असतात, त्यात शाई केशाकर्षणाने अडकून राहते. हाताच्या उबेने आतली हवा प्रसरण पावली तर जास्तीची शाई भसकन कागदावर न सांडता त्या खाचांत थांबते, म्हणून तर पेन गळत नाही. आता जी गोष्ट शाई सोडायचीच नाही म्हणून बनवली आहे ती नळाखाली धरून साफ कशी होणार? पाणी वरवर वाहून जातं आणि आपल्याला वाटतं झालं. तुमच्या फीडमध्ये बारा वर्षांची रॉयल ब्लू बसलेली आहे. सध्या तुम्ही लिहिताय ती नवीन शाई नाहीच, दोन्हींची खिचडी आहे.

असं करा. कन्व्हर्टर काढा. पुढचा भाग पेलाभर साध्या पाण्यात रात्रभर उभा ठेवा. सकाळी पाणी बदला, पुन्हा ठेवा. रबरी फुगा असेल, तोच कान साफ करायचा, तर मागच्या बाजूने पाणी दाबून पुढून काढा. मग निब खाली करून टिश्यू पेपरवर टेकवा आणि सोडून द्या, कागद आतलं पाणी ओढून घेईल. त्या ओल्या डागात अजून निळा दिसला तर पुन्हा पाण्यात. फारच चिवट असेल तर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, आणि नंतर तो साबणही नीट धुवून काढा, नाहीतर शाई पसरायला लागेल. कढत पाणी नको. स्पिरिट आणि ॲसिटोनच्या तर वाटेलाच जाऊ नका, प्लास्टिक तडकतं किंवा विरघळतं.

हे फक्त रंगासाठी नाही सांगत. बोरूबहाद्दर म्हणतात ती मायफळाची शाई आम्लधर्मी असते, काही भडक निळ्या अल्कधर्मी असतात. अशा दोन पेनात एकत्र आल्या तर गाळ धरतो आणि मग रंग सोडा, पेनच बंद पडतं.

रात्रपाळी
निबकरांशी सहमत, पण धुवून पूर्ण प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. काडीच्या पट्ट्यात जेवढी शाई उतरते तेवढी फाइन निब अख्खं पान लिहून सुद्धा उतरवणार नाही. तुम्ही तलावाचा रंग बघून नळाच्या पाण्याला दोष देताय.

दोन गोष्टी असतात. एक शेडिंग, म्हणजे एकाच अक्षरात कुठे फिकट कुठे गडद, शाई जिथे साचते तिथे गडद. दुसरी शीन, म्हणजे तुम्हाला दिसलेली ती लाल झाक. शीनसाठी शाई कागदात मुरायला नको, वरच सुकायला हवी, मग रंगद्रव्याचा पातळ थर पृष्ठभागावर जमतो आणि उजेड त्यावरून वेगळ्या रंगात परततो. प्रिंटरचा कागद शाई पितो, त्यामुळे वर काही उरतच नाही. आणि यात कागदाच्या जाडीचा संबंध नाही बरं का. जपानचा तो प्रसिद्ध टोमोए रिव्हर कागद चौरस मीटरला ५२ ग्रॅमचा, इतका पातळ की मागचं अक्षर पुढे दिसतं, पण शाई आत जाऊ देत नाही. उलट ७०-८० ग्रॅमचा कॉपियर कागद जाड असूनही त्यावर शाई पसरते. सगळा खेळ शाई रोखायला कागदाला दिलेल्या खळीचा आहे.

अवांतर: फाइन म्हणजे सुद्धा कुठली फाइन हे बघा. जपानी फाइन युरोपातल्या फाइनपेक्षा साधारण एक नंबर बारीकच असते.

डावरा
शीन शीन करताय पण आम्हा डावखुऱ्यांचं काय होतं ते विचारा. वरच सुकते म्हणजे मुळात सुकतच नाही. लिहून झाल्यावर अख्खी ओळ माझ्या तळहातावर उलटी छापलेली असते.

वाचनमात्र
+१. आणि रात्री तो तळहात गालाखाली घेऊन झोपायचं.

दोन_थेंब
रेघोट्याताई, नवीन शाई थेट पेनात भरायचीच नसते हो. मी काय करते सांगते, थोडं वेडेपणाचं आहे पण.

आधी काचेच्या टाकाने नाहीतर साध्या बुडवायच्या निबने लिहून बघते. एक जाडसर कार्ड, त्यावर शाईचं नाव, तारीख, कुठल्या निबने लिहिलं ते, एक पट्टा, एक ओळ मजकूर, आणि कोपऱ्यात उभ्या-आडव्या रेघांची जाळी. जाळीवर सुकल्यानंतर पाण्याचा एक थेंब टाकून मिनिटभराने टिपते, म्हणजे पाण्यात किती टिकते ते कळतं. आणि कार्डाकडे दुसऱ्या दिवशीच बघायचं! ओली शाई आणि सुकलेली शाई यात खूप फरक पडतो, बऱ्याच शाया सुकल्यावर एक पायरी फिक्या होतात, मायफळवाल्या उलट गडद होतात.

मग एक कागदाची पट्टी अर्धी पुठ्ठ्याने झाकून खिडकीत चिकटवते. तीन आठवड्यांनी पुठ्ठा काढला की खरं काय ते समजतं.

आणि सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे टिश्यू पेपरची पट्टी कापायची, खालून बोटभर अंतरावर शाईचा ठिपका द्यायचा आणि खालचं टोक फक्त पाण्यात बुडवायचं. पाणी वर चढतं तसे रंग सुटे होत जातात. तुमची ही शाई असेल तर मला वाटतं वर फिरोजी धावेल आणि मागे पिवळट काहीतरी रेंगाळेल. काळ्या शाईचं तर करूनच बघा, तिच्या पोटात जांभळा, निळा, केशरी काय काय निघतं.

वाचनमात्र
वाचनखूण साठवली आहे. आज रात्री घरातल्या सगळ्या काळ्या पेनांचं पोट फाडणार.

शाईफेक
आलो. माझा अनुभव: बाटलीचं तोंड लहान होतं म्हणून शाई सिरिंजने कन्व्हर्टरमध्ये भरायला गेलो. यूट्यूबवर पोरं अगदी सहज करतात. मी सुई आत घातली, दट्ट्या दाबला आणि कन्व्हर्टरमधली हवा बाहेर यायला जागाच ठेवली नाही. शाई आली ती सरळ कपाळावर. पांढरा शर्ट गेला, टेबल गेलं, भिंतीवर अजून नक्षत्रं आहेत. आणि वर टाकलेला रुमालही त्यातच गेला. बायको म्हणाली रंग छान आहे.

बोरूबहाद्दर
हाहा, आयडी सार्थ केलात.

पण मूळ मुद्द्यावर मी ठाम आहे. पाण्याचा थेंब टाकून बघता ना, मग बघा तुमच्या त्या मोरपंखीचं काय होतं. मी एकदा पाकिटावर हौसेने जांभळ्या शाईने पत्ता घातला होता. पावसात भिजून ते मलाच परत आलं, आणि पत्त्याच्या जागी नुसता ढग. कुणाच्या कृपेने परत आलं तर मागे माझा पत्ता ब्लू-ब्लॅकमध्ये होता.

वकिलीण
काकांच्या बाजूने थोडं. रोजच्या वहीत काय वाटेल ते वापरा, पण सही आणि कागदपत्रं असतील तर नुसत्या डाय (पाण्यात विरघळणारा रंग) असलेल्या शाईवर विसंबू नका. धुता येणारी रॉयल ब्लू तर मुळीच नको. जर्मनीत शाळकरी मुलांकडे शाई पुसायचं एक पेन असतं, त्याने रॉयल ब्लूवर फिरवलं की अक्षर गायब. रंग तिथेच असतो, फक्त त्या रेणूची ठेवण बदलते आणि तो दिसेनासा होतो. तुमच्या सहीचंही तेच होऊ शकतं. ब्रिटनमध्ये जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांसाठी रजिस्ट्रार्स इंक म्हणून मायफळाचीच शाई वापरत आलेत ते उगाच नाही. किंवा मग पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची घ्या, प्लॅटिनम कंपनीची कार्बन ब्लॅक वगैरे, ती पाण्याने हलत नाही.

रात्रपाळी
हो, पण दोन्हींची दुसरी बाजूही सांगा की. पिगमेंट शाई पेनात सुकली तर काढताना नाकी नऊ येतात. आणि मायफळाच्या शाईने शेकडो वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितांचे कागद अक्षरांच्या जागी जाळी पडल्यासारखे खाल्लेत, संग्रहालयवाल्यांना विचारा.

बोरूबहाद्दर
ती तेव्हाची कडक शाई, हल्लीच्या पेनांसाठीच्या पुष्कळ सौम्य असतात. रोहरर अँड क्लिंगनरच्या सालिक्स आणि स्काबिओसा बघा. स्काबिओसा तर जांभळट आहे, म्हणजे चोचलेवाल्यांचीही सोय. फक्त भरून महिनोन्महिने विसरू नका.

रात्रपाळी
काका, तुमच्याकडे स्काबिओसा आहे?

बोरूबहाद्दर
आहे एक बाटली. भेट आली होती.

वाचनमात्र
पाकिटावरचा जांभळा पत्ता, आता जांभळी बाटली... काका, तुमचं प्रकरण दिसतं त्यापेक्षा खोल आहे.

शब्दवेडी
रंगाच्या नावाचा प्रश्न सगळे विसरले म्हणून लिहिते. मोरपंखीवर माझा आक्षेप आहे, मोरपिसात सोनेरी आणि जांभळाही असतो, मग नेमका कुठला भाग धरायचा? हिरवट निळा म्हणा, अचूक आहे.

आणि गंमत म्हणजे "शाई" हा शब्दच मुळात फारसी सियाहीवरून आलाय, स्याह म्हणजे काळा. म्हणजे शाई म्हणजे काळेपणा. त्यामुळे निळी शाई म्हणजे निळा काळेपणा आणि रेघोट्यांची तक्रार अशी की माझा हिरवट निळा काळेपणा काळा का दिसतोय! दौत आणि कलम अरबीतून आले. फाउंटन पेनला झरणी हा सुंदर शब्द आहे, पण झरणी धुवायला ठेवली म्हटलं तर घरचे काळजीत पडतील.

चष्मिष्ट
हिरवट निळा हे नाव नाही, वर्णन आहे. मोरपंखीच.

निबकर
@शब्दवेडी, पायलटची इरोशिझुकू मालिका आहे ना, २००७ पासूनची, त्यात सगळ्या शायांना निसर्गातली नावं आहेत. ताके-सुमी म्हणजे बांबूचा कोळसा, यामा-बुदो म्हणजे रानद्राक्षं, त्सुकी-यो म्हणजे चांदणी रात्र. आणि याच रंगाच्या आसपास जी आहे तिचं नाव कु-जाकु. म्हणजे मोर. तेव्हा चष्मिष्ट एकटे नाहीत.

त्या बाटलीच्या बुडाला मधोमध खळगा आहे, शेवटची शाई त्यात जमते आणि निब बुडवता येते. नुसती रिकामी बाटली सुद्धा टाकवत नाही.

नवखा_निळा
मधेच विचारतो, चमकी असलेल्या शाया कशा असतात? माझ्याकडे पहिलंच पेन आहे. आणि चित्रकलेची काळी इंडियन इंक पडून आहे ती चालेल का?

दोन_थेंब
इंडियन इंक अजिबात नको!! त्यात बहुधा शेलॅक म्हणजे लाख असते, पेनात सुकली की संपलं. ती टाकाने आणि ब्रशनेच वापरायची.

चमकीचं म्हणशील तर एर्बाँची एमराल्ड ऑफ शिव्होर, २०१५ ची, बघून ठेव. कंपनी १६७० पासूनची, त्या सालाच्या नावाने मालिका काढली त्यातली ही. मोरपंखी (हो, मोरपंखी), वर लाल शीन आणि सोनेरी कण. पण कण तळाशी बसतात, भरायच्या आधी बाटली हलवावी लागते, पेनही अधूनमधून उलटसुलट करावं लागतं, आणि बारीक निबमध्ये अडकतात. पहिल्या पेनात साधी शाईच भर.

नवखा_निळा
धन्स ताई. वाचलो.

रेघोट्या
आले परत. अहवाल देते.

निबकर म्हणाले तसं रात्रभर ठेवलं. सकाळी पेल्यात पाणी नव्हतंच, शाईच होती म्हणा ना! तिसऱ्या दिवशी टिश्यूवर डाग पांढरा आला. ज्या पेनाला मी "जवळजवळ स्वच्छ" म्हणत होते त्यातून तीन दिवस निळा निघत होता, लाज वाटली.

मग नवीन शाई भरली. पहिल्या दोन ओळी पाणचट, आत राहिलेलं पाणी असावं, आणि तिसऱ्या ओळीपासून हिरवा आला! प्रिंटरच्या कागदावर अजून जरा मंदच आहे, पण निदान जीन्स नाही. मग रात्रपाळींचं ऐकून एका गुळगुळीत कागदाच्या वहीत लिहिलं तर शेडिंग स्पष्ट दिसतंय, "ळ" च्या गाठीत गडद आणि शेपटीत फिकट. लाल झाक मात्र फक्त पूर्णविरामांत. त्यामुळे सध्या मी पूर्णविराम फार जोरात देतेय.

टिश्यूचा प्रयोग पण केला. दोन_थेंब, वर फिरोजी धावला आणि मागे पिवळा राहिला, अगदी तुम्ही म्हणालात तसंच.

रात्रपाळी
पूर्णविरामासाठी शाई निवडणारी पहिली व्यक्ती. झाक ओळीत हवी असेल तर मीडियम किंवा ब्रॉड, जरा ओली वाहणारी निब बघा.

रेघोट्या
पंधरा दिवसांनी पुन्हा तक्रार. आठवडाभर पेन पडून होतं, काल उघडलं तर रंग परत गडद. या वेळी नीट धुतलं होतं हो, शपथ!

निबकर
या वेळी तुमची चूक नाही. टोपण घट्ट बसत नसेल तर पाणी उडून जातं, रंग मागे राहतो, शाई दाट होते. काही पेनांत टोपणाच्या आत स्प्रिंगवर बसवलेली आतली टोपी असते, प्लॅटिनमची स्लिप अँड सील त्यातलीच, तिथे हा त्रास कमी. तुमच्या पेनाची निब जरा पाण्यात बुडवून टिपा, दोन ओळी लिहा, ताळ्यावर येईल. आणि थोडीच शाई भरत जा, आठवड्यात संपेल इतकी.

दोन_थेंब
खिडकीतली पट्टी लावली होती का?

रेघोट्या
लावली होती, आजच काढली. दोन पट्ट्या होत्या, एक जुन्या रॉयल ब्लूची, एक हिची. हिची उघडी बाजू किंचित निळसर झालीय, पिवळा उडाला असावा. रॉयल ब्लूची उघडी बाजू मात्र इतकी फिकी पडलीय की पुठ्ठ्याची कड कुठे होती ते लांबूनही दिसतंय. माझ्या बारा वर्षांच्या वह्या कपाटात आहेत म्हणून वाचल्या म्हणायच्या.

बोरूबहाद्दर
मी काही बोलत नाही.

वकिलीण
काका, बोललात की.

रेघोट्या
काका, तुमची स्काबिओसा डोक्यात बसली होती, पण आधी एक विटकरी बघून ठेवलीय. डायमाइनची एन्शंट कॉपर. सुकल्यावर कशी दिसते कुणी सांगेल का? आज संध्याकाळीच भरायचा विचार आहे.

निबकर
आधी पेन धुवा.